माझ्या नवसाचा बोकड

माझ्या सख्ख्या भावाचा मला राग आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझी समजूत घालायला येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. मी तुंगार्लीत, सासरी. इकडे माहेरी, उर्स्याच्या पलीकडच्या आमच्या गावात, आईनं देवीला बोकड बोलला. पोरगी धड घरी आली तर जत्रेत तुझं देणं देईन. मी धड घरी आले आणि नवस फेडायचं ठरलं.

आमच्याकडे जत्रेचा बोकड मुलाणीच कापतो. गावात मुसलमानांचं तेवढं एकच घर. देवीसमोर बोकडावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं की देवीनं तो घेतला असं समजायचं, आणि मग मुलाण्यानं त्याच्या देवाचं नाव घेऊन सुरी फिरवायची. ती सुरी लागली नसेल तर आमच्या घरातल्या बायका त्या मटणाला शिवत नसत. एक वाटा मुलाण्याच्या घरी पोचला की मगच आमची चूल पेटायची. यात काही वावगं आहे असं देवीला कधी वाटलं नाही. भावाला वाटलं.

भाऊ आता पर्यटकांना बंगले भाड्यानं देतो आणि रोज सकाळी मोबाइलवर धर्म शिकतो. जत्रेच्या दिवशी म्हातारे मुलाणी नेहमीसारखे आले. धुतलेला पांढरा सदरा, फडक्यात गुंडाळलेली सुरी. जन्मापासून आम्ही त्यांना आबा म्हणत आलो. भावानं त्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं.

"चाचा, यंदापास्नं आमचं आमी बगतो. तुमी जावा घरी."

चाचा! आमच्या घरात हा शब्द कधी कुणी तोंडातून काढला नव्हता. सिनेमातून उचलून आणला होता त्यानं, आणि चार पोरं मागं उभी करून फेकला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर.

आणि हे बोलणारा कोण, तर स्वतः पिराच्या नवसाचा. दोन मुलं गेल्यावर झालेला म्हणून आईनं याला पिराच्या पदरात घातला होता. शाळेत जायला लागला तरी दर मोहरमात हा फकीर व्हायचा. गळ्यात दोरा, खांद्याला झोळी, पाच घरं मागून आणायची. तो दोरा याच आबांनी बांधलेला असायचा. आज कुणी आठवण काढली तर म्हणतो, "लहान होतो, कळत नव्हतं." आता फार कळायला लागलंय.

आबा थोडा वेळ पायरीवर थांबले आणि आल्या वाटेनं परत गेले. मी देवळाच्या ओट्यावर आईशेजारी बसले होते. जत्रेत तमाशा नको, असं मनाशी म्हणत मी पदर सारखा करत राहिले.

मग भावानं कोयता उचलला. याला धड कोंबडीही कापता येत नाही. पहिला घाव चुकला, दुसरा अर्धवट लागला. तिसऱ्या घावापर्यंत ते जनावर जे ओरडलं ते ऐकून मागची चार पोरंही लांब सरकली. आईनं कानांवर हात ठेवले.

"द्येवीनं घ्येतला न्हाई ह्यो," ती म्हणाली. "मढं हाय हे. माज्या ताटात वाडू नका."

तिच्यामागं गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून उठल्या आणि उपाशीच घरी गेल्या. मी दोन घास खाल्ले. भाऊ समोर बसला होता, म्हणून.

त्या दिवसापासून आई झोपेतून दचकून उठते. फोनवर मी नुसती खोकले तरी रडायला लागते. नवस फिटला नाही, देवी आता पोरगीच मागून घेईल, हे तिच्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरचे कागद दाखवून झाले, ओरडून झालं. शेवटी गेल्या आठवड्यात तिनं दुसरा बोकड आणला आणि मला बोलावून आबांकडे पाठवलं.

आबांनी बसायला चटई टाकली, आतून चहा मागवला. मी म्हणाले, "आबा, आईसाठी चला. भाऊ मुंबईला जाणार आहे, त्याच दिवशी उरकून घेऊ."

बोलून गेल्यावर मला माझीच घाण वाटली.

आबांनी हातातला कप खाली ठेवला.

"तुज्या भावाचा मला राग न्हाई," ते म्हणाले. "त्यो कसा हाय त्ये मला ठावं झालं. पर तू ओट्यावर व्हतीस, पोरी. म्या पायरीवर थांबलो त्यो तुज्याकडं बगत. नवस तुज्यासाटीच व्हता न्हवं?"

मी पदर सारखा केला, त्या दिवसासारखाच. चहा तसाच ठेवून निघाले.

बोकड आईच्या दारात बांधलेला आहे. ती रोज त्याला पाला घालते आणि मला फोनवर विचारते, आबा कधी येणार म्हणाले.