दुखायच्या आधीची गोळी

"गॉलब्लॅडर स्टोन्स," औशाच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टर स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या. म्हणजे पित्ताशयात खडे. "किती दिवसांपासून दुखतंय?"

"थोडंसंच," मी म्हणाले. तीन महिने झाले होते. मला दुखणं सांगता येत नाही.

ऑपरेशन लातूरला ठरलं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर भेटले. 'प्रीएम्प्टिव्ह अ‍ॅनाल्जेसिया' म्हणाले आणि लगेच सोपं करून सांगितलं: दुखणं सुरू व्हायच्या आधीच औषध द्यायचं, म्हणजे नंतर ते तितकं चढत नाही. "अजिबात दुखणार नाही, असं मात्र नाही हं."

सकाळी सिस्टरने दोन गोळ्या आणि दोन घोट पाणी दिलं आणि ती शेजारच्या खाटेकडे वळली. आईने माझा हात धरला.

"आत्ता दुखायलंय का?"

"नाही."

"मग कशाला? उपाशीपोटी गोळी उष्ण पडती. दुखलं की देते मी."

आमच्या घरात दुखल्याशिवाय गोळी घेत नाहीत. आईने त्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या. सिस्टरने विचारलं, "घेतल्या?" मी होकारार्थी मान हलवली.

स्ट्रेचर यायला तासभर लागला. गाऊनच्या नाड्या मी सोडत होते, बांधत होते. सांगितलं तर आईला बोलणी बसतील. नाही सांगितलं तर शुद्धीवर आल्यावर मलाच भोगायचं, शिवाय डॉक्टर पुढचा डोस चुकीचा धरतील. घड्याळ बघायचं नाही ठरवलं, तरी बघत राहिले.

थिएटरच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेतल्या ना?"

मान हलणारच होती. "नाही," मी म्हणाले. "सिस्टरला खोटं सांगितलं."

"मीच ठेवल्या, साहेब. तिला नका बोलू." आईने डबी उघडून दाखवली.

"मावशी, तहान लागल्यावर विहीर खणता का?"

"लातुरात सगळे तसंच करतेत, साहेब."

डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. आता सलाइनमधून देतो, चिरा द्यायच्या आधी."

जाग आली तेव्हा सिस्टर विचारत होती, "दहापैकी किती दुखतंय?" सवयीने 'ठीक आहे' ओठांवर आलं होतं.

"चार," मी म्हणाले. तुम्हाला विचारतील तेव्हा खरा आकडा सांगा. त्यावरच पुढचं औषध ठरतं.

संध्याकाळी आईच सिस्टरच्या टेबलापाशी गेली. "पुढची गोळी कवा हाय? दुखायच्या आत द्या बरं."

तेव्हा फारसं दुखत नव्हतं. मी हात पुढे केला.