कार्यकारिणीचा ताप

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना लिफ्टमध्येही मासळीचा वास यायचा. मग ते मजल्यामजल्यावर उतरून बंद दारांशी नाक न्यायचे आणि घर सापडलं की म्हणायचे, "तक्रार नाही हो, फक्त नोंद घेतोय." सोसायटीत मासळीबंदीचा ठराव त्यांनीच मंजूर करून घेतला.

त्यानंतर काही आठवड्यांत तळमजल्यावरच्या माझ्या दवाखान्यात टायफॉइडचे चार पेशंट आले. चौघेही सोसायटीच्या कार्यकारिणीतले. टाकीचं पाणी तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. बाहेर काय खाल्लंत, असं विचारलं की चौघांचं उत्तर एकच, "आम्ही बाहेरचं खात नाही."

पाचवे खुद्द अध्यक्ष आले, तापाने फणफणलेले. सोबत त्यांची पत्नी होती.

"वहिनींना बाहेर बसवू का?" मी विचारलं. "पण खरं सांगा. तुम्ही जिथे खाल्लंत, तिथे आजही लोक जेवतायत."

ते म्हणाले, "नको, बसू दे तिला. खराडीतलं हॉटेल होतं, डॉक्टर. शिंपल्यातली कच्ची कालवं, लिंबू पिळून. ठराव मंजूर झाला म्हणून मी कार्यकारिणीला पार्टी दिली."

"मासळीच्या हॉटेलात?"

"शाकाहारी हॉटेलात सोसायटीतलं कोणीतरी भेटतंच."

पत्नीसमोर हे बोलायला धाडस लागतं, हे मला मान्य आहे. मी महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन लावला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कालवं शिजवून खातात. माझं माहेर मालवणचं. लग्नापासून हात लावला नाही, यांना वास सोसत नाही म्हणून."