मेहुण्यांची मूठ

मुठीत धरून दाबल्याशिवाय या जगातल्या एकाही वस्तूवर माझ्या मेहुण्यांचा विश्वास बसत नाही. बायकोचे हे थोरले भाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कुंडलला आमच्यापासून चार घरं सोडून राहायला आले. तेव्हापासून गहू, गूळ, वावरातली माती, आमच्या नव्या सोफ्याची गादी, सगळं त्यांनी दाबून पाहिलं आहे. एका लग्नात हातावर अक्षता पडल्या, तर त्या टाकायच्या सोडून हे मूठ आवळून उभे. मंगलाष्टकं संपल्यावर मला म्हणाले, "तांदूळ दमट हाय, दाजी."

जुन्या पत्र्यांचा व्यापार मी शून्यातून उभा केला. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पण या माणसाशी माझं एकदाही जमलं नाही, कारण त्यांना घासाघीस करायचीच नसते. ते फक्त "न्हाई" म्हणतात आणि उभे राहतात. मी ओरडून ओरडून दमतो, ते तिथेच.

माझा खरा राग आहे तो भिंतीचा. बायकोने माहेरून आणलेल्या चार गावरान कोंबड्यांच्या तीस केल्या होत्या. एका हिवाळ्यात त्यातल्या अकरा मेल्या. बायको खुराड्याकडे जायची बंद झाली आणि दाणे टाकायचं काम माझ्याकडे आलं. ते मला बघवेना. पुढची थंडी यायच्या आत मी विटांची शेड उभी केली, वर निवडून काढलेले पत्रे घातले, फटीफटीत पोती कोंबली, दाराला ताडपत्री लावली. खाली अंथरायला आपलंच उसाचं पाचट, चांगलं गुडघाभर. वाऱ्याला आत यायला जागा म्हणून ठेवली नाही. तरी थंडी पडल्यावर पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागल्या.

मेहुणे आले, पालथ्या बादलीवर शेडमध्ये तासभर बसले आणि लाल डोळे घेऊन बाहेर आले. "दाजी, गुडघ्यावर या."

"कशाला?"

"कोंबडीचं नाक कुठं हाय, तुमचं कुठं हाय? खाली या."

पन्नाशी ओलांडलेला मी, अख्ख्या बाजारपेठेत ज्याला लोक वचकतात तो मी, पाचटात चार पायांवर उभा राहिलो. पाचटात मुरलेल्या विष्ठेचा उग्र वास नाकात गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दारात बायको उभी होती. त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा हसली, तीही मला.

मेहुण्यांनी मूठभर पाचट दाबून माझ्यापुढे धरलं. हात उघडला तरी त्याचं ढेकूळ तसंच. "थंडीनं कोंबडी मरत न्हाई, तिच्या अंगावर पिसांचा कोट हाय. वलीनं मरती. आमी बर्फात ऱ्हायलो, पर तंबूला वर फट ठेवायचो. तुमी तर पेटीच केलीया. भाताचं तूस आना, चार बोटं पसरा. आन् भिंतीला वर भोक पाडा."

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही, पाव्हणं!"

"न्हाई," ते म्हणाले. मला वाटलं, ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीच्या आवाजाने जागा झालो. पत्र्याखालच्या दोन ओळी विटा जमिनीवर होत्या आणि मेहुणे त्या जागी जाळी ठोकत होते. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी तेवढ्यात एक वीट उचलली, मुठीत मावेना म्हणून बाजूला ठेवली.

त्या हिवाळ्यात एकही कोंबडी मेली नाही. बायको पुन्हा पहाटे दाणे घेऊन जाऊ लागली. मी मेहुण्यांचे आभार मानले नाहीत. भिंत माझी होती. त्यांनीही "सांगितलं व्हतं" म्हणून कधी ऐकवलं नाही, त्याचा तर मला अजून राग आहे. त्यानंतर दर थंडीत ते रोज सकाळी यायचे, तूस दाबायचे, मोकळं झालं की मान हलवून जायचे. मी रोज कुरकुरायचो.

यंदा ते आले नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना फलटणला घेऊन गेला. चांगलं झालं म्हणालो. सकाळची कटकट गेली. पण हल्ली चहा पिताना नजर आपली फाटकाकडे जाते, आणि बायको एक कप जास्तच ओतते.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. तब्येतीचं विचारलं तर उडवून लावलं. "तूस दाबलं का?"

मी नुकतंच दाबून आलो होतो. हात उघडताच भुरभुर सुटलं होतं, वाळूसारखं. "दाबलं," मी म्हणालो. "ढेकूळ होतंय, पाव्हणं."

ते म्हणाले, "तुमाला दाबायचं कळत न्हाई. काठी धरून का हुईना, उद्याच्या एसटीनं येतो."

फोन ठेवला. कोंबड्या बाहेर चरत होत्या. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि बायको बघत नाही असं पाहून शेडच्या एका कोपऱ्यात तुसावर शिंपडलं.