मणक्याचं वाक्य

पाथर्डी तालुक्यातल्या घरी बसून मी लॅपटॉपवर शास्त्रज्ञांच्या अर्जांवर काम करते. संशोधनाला निधी मिळावा म्हणून ते थोडक्यात लिहितात, आम्ही काय करणार. एआय ते वाचून त्यातले दावे वेगळे काढतं: सिद्ध झालेलं एका रकान्यात, अजून तपासायचं ते दुसऱ्यात. ते चुकलं की मी दुरुस्त करायचं. बरेच अर्ज म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. एआयला ते कळत नाही, म्हणून मी त्याला हसायचे.

दसऱ्याच्या सुमाराला दादाच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. पण दादा-वहिनी दरवर्षी ऊसतोडीला जातात, आणि तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दादा नाही तर वहिनीलाही कोण नेणार?

त्याच आठवड्यात 'सिद्ध'च्या रकान्यात एक वाक्य आलं: पालथं पडून छाती उचलण्याच्या व्यायामाने असा मणका वजन पेलण्याइतका बरा होतो. मूळ अर्ज उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी उघडला नाही. मला ते वाक्य खरं हवं होतं. तशीच उठले आणि दादाला मराठीत सांगितलं, व्यायामही करून दाखवला. त्याने टोळीच्या मुकादमाला यंदा येतो म्हणून शब्द दिला.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मनाला टोचणी लागली म्हणून अर्ज उघडला. त्यात लिहिलं होतं, असं होतं का, ते आम्ही पाहणार आहोत. धावत जाऊन दादाला सांगितलं.

"तवा खरं हुतं, आन आता खोटं?" अंथरूण बांधत तो म्हणाला. "मला फरक पडलाय."

मी भांडले, रडले. वहिनी म्हणाली, "ताई, आता मुकादमाला काय सांगू?" सकाळी ट्रक गेला.

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला.

"रोज व्यायाम करत्यात. पालथं पडत्यात, पर मंग उठताच येत न्हाई. मी आन टोळीतलं कुणीतरी मिळून उठवतो."

"फोन दे त्याला," मी ओरडले. "दादा, बंद कर ते. परत ये. माझी चूक झाली."

"मधीच सोडलं तर गुण कसा येईल?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "एवढी शिकल्याली तू. उगं सांगशील व्हय?"