चार फुसके बार

पाथर्डीच्या बाजूला विहिरी खोल करणाऱ्यांत सूर्यभानचं नाव आहे. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून शिडीने वर यायचं, हे तो बावीस वर्षं करतो आहे. दहाही बोटं शाबूत आहेत. तो भगताकडे जात नाही, कामाआधी नारळ फोडत नाही. "मी मानत न्हाई, मी बघतो," म्हणतो.

दुष्काळाच्या गेल्या माघात तो रंगनाथच्या विहिरीवर होता. पिण्याचं पाणी दोन कोसांवरच्या वस्तीवरून यायचं. रंगनाथ दर तिसऱ्या दिवशी बैलगाडीत पिंप घालून जायचा. वस्तीवरची लंकाबाई, तिशीतली विधवा, ते भरून द्यायची, गाडीतूनच यायची आणि दिवसभर विहिरीच्या काठावर दगड उचलायची.

चारदा ती आली, चारदा बार फुसका गेला. ती नसताना एकही नाही. फुसक्या बाराला खाली उतरून पुन्हा हात घालावा लागतो, आणि तो हात सूर्यभानचा. चौथ्यांदा वर आल्यावर तो रंगनाथला म्हणाला, "बाई नको."

"रांडाव हाय म्हनून व्हय?"

"त्याचं मला काय. ती आली की वात विझती. चारदा बघितलं."

लंकाबाई तिथेच होती. पाटी उपडी ठेवून ती चालत घरी गेली. दोन दिवसांनी दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी फोडायला लागली. जायला तीन कोस, यायला तीन कोस.

पुढच्या खेपेला गाडीत रंगनाथ एकटाच होता. माळावर झाड नव्हतं, म्हणून गाडी आली की सूर्यभान वातीचं वेटोळं तिच्याखाली सावलीत ठेवायचा. एरवी ते घोंगडीत असे. त्या दिवशी उचलताना वातीचं कापलेलं तोंड बोटाला ओलं लागलं. वर पिंप ठिबकत होतं. त्याने हातभर वात कापून टाकली आणि बार पेटवले. सगळे फुटले.

"बघ," रंगनाथ म्हणाला. "बाई गेली आन् बार फुटला."

सूर्यभान पुढची भोकं पाडायला खाली उतरला. आठ दिवस त्याने ओल्या वातीचं कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी खडीवर गेला.

"लंकाबाई, पिंप गळत हुतं. वात मीच त्याच्याखाली ठेवायचो."

तिने हातोडा थांबवला नाही. "मंग गाडी पांढऱ्या पायाची म्हनायची. तिला काढलं का?"

"चूक माजी हाय."

"मला काय सांगता? तितं सांगा."

त्याने संध्याकाळी विहिरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. वातीचा तुकडा भिजवून काडी लावली. पेटला नाही.

"भिजली वात पेटत न्हाई, खरं," रंगनाथ म्हणाला. "पन त्या चार दिशी ती भिजलीच हुती, हे कुनी बघितलं?"

सूर्यभानने आणखी एक काडी ओढून ओल्या वातीला लावली.

"तूच म्हनतो, मानत न्हाई, बघतो. आमी बी बघितलं. ती हुती, विझला. ती गेली, फुटला. आन तिला, उभी कर काठावर, मंग बघू."

तो पुन्हा खडीवर गेला. लंकाबाईने ऐकून घेतलं.

"सीतामाई आगीतून आली, तरी लोक बोलायचे राहिले का? उद्या बार फुटला तर माजे पाय बरे. परवा एखादा विझला तर? तुमच्या दारूवर मी माजी अब्रू न्हाई ठेवनार, दादा."

खरं तर या परीक्षेला तिची गरज नव्हती. गाडीच्या दिवशी, ती नसताना, वात मुद्दाम पिंपाखाली ठेवायची. बार फुसका गेला असता तर रंगनाथचं तोंड बंद झालं असतं. सूर्यभानला हे त्याच दिवशी परतताना सुचलं होतं. पण मग विझलेल्या बारापाशी खाली उतरावं लागलं असतं.

"चारदा उतरलो आन् खापर तिच्यावर फोडलं," तो सांगतो. "तिच्यासाठी एकदा न्हाई उतरलो."

विहिरीचं काम चालू आहे. वात आता रोज घोंगडीत असते आणि बार न चुकता फुटतात. फुटला की काठावरचं कुणीतरी म्हणतंच, लंकाबाई न्हाई म्हनून फुटला. सूर्यभान खाली बघत पुढची वात कापायला घेतो.