नेड्राचं कुरतडलेलं पान

नेड्राने ती मालिका पाहिली नाही. मीही पाहिली नाही. आम्ही दोघींनी मिळून ती पाहिली नाही, तिच्याच घरी, पडदे ओढून, दाराला आतून कडी लावून, मंगळवारी भर दुपारी. मूळ भाग लागला होता रविवारी. पण रविवारी टीव्ही लावणं आम्हां मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत बसत नाही, म्हणून तिने तो रेकॉर्ड करून ठेवला होता. पाप करायचंच तर निदान वार तरी बघून करायचं, असा आमच्या सॅनपीट खोऱ्यातल्या बायकांचा खाक्या आहे.

"हे आपण निषेधासाठी बघतोय बरं का, थोरा," नेड्रा म्हणाली. "काय दाखवलंय तेच माहीत नसलं तर पत्रात लिहिणार काय?"

"तेच म्हणते मी," मी म्हटलं आणि पॉपकॉर्नचं भांडं मांडीवर घेतलं.

झालं होतं असं, की कुठल्याशा केबल वाहिनीने आपल्या मालिकेत आमच्या मंदिराच्या आतला विधी दाखवला होता. रविवारचं चर्च सगळ्यांना खुलं असतं, मंदिर नाही. आत काय होतं ते मी इथे सांगणार नाही. माझा नवरा पन्नास वर्षं त्याच खोलीत माझ्यासोबत बसतो, आणि बाहेर आल्यावर त्याच्याशीसुद्धा मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. जे आम्ही एकमेकांत बोलत नाही, ते या लोकांनी साबणाच्या दोन जाहिरातींच्या मधे दाखवलं. राग यायचा नाही तर काय! मला खरंच रडू आलं होतं, ते मी लपवत नाही.

बहिष्काराची मोहीम नेड्रा सोरेन्सनने हाती घेतली. घेणारच. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि जीभ अशी की टर्कीसुद्धा पिंजऱ्यात गप्प बसाव्यात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. घराच्या तळघरात ती चाळीस वर्षं मंदिराचे कपडे शिवते आहे. पांढरे झगे, ओढण्या आणि पानांचं भरतकाम केलेला हिरवा एप्रन. खोऱ्यातली प्रत्येक नवरी तिच्या हातचे कपडे घालून आत जाते, आणि म्हातारी झाली की तेच कपडे घालून शवपेटीत जाते. तेव्हा पत्र लिहायचं तर तिनेच. तिने लिहिलं, नात ब्रिनने ते टाइप करून साऱ्या गावाला पाठवलं, आणि आठवडाभरात सहाशे अकरा सह्या आल्या. सही करणाऱ्यांपैकी एकानेही तो भाग पाहिलेला नव्हता. पण आमच्या दंतवैद्याच्या बायकोला विचारा, नटी कुठे उभी होती, काय म्हणाली आणि कोणत्या शब्दावर अडखळली, सगळं तोंडपाठ. "मला कुणीतरी सांगितलं," ती म्हणायची. हा कुणीतरी कोण ते काही शेवटपर्यंत कळलं नाही.

तर त्या मंगळवारी आम्ही बघत होतो. नटी वळली, कॅमेरा तिच्या एप्रनच्या जवळ गेला, आणि नेड्राने रिमोटचं बटण दाबलं. चित्र थांबलं. नेड्राही थांबली.

"थोरा," ती म्हणाली, "ते पान बघ."

मी चष्मा पुसून बघितलं. उजवीकडचं, खालून तिसरं पान. त्याचं टोक कुरतडलेलं होतं.

आता हे पान सांगायलाच हवं. नेड्राच्या आईने कधीकाळी मक्याच्या पोह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एप्रनच्या पानांचा नमुना केला होता. एका हिवाळ्यात उंदराने त्यातल्या एका पानाचं टोक खाल्लं. आई पराकोटीची काटकसरी. तेवढ्यासाठी नवा पुठ्ठा कोण कापणार, म्हणून तिने उंदराने ठेवलं तसंच भरत भरलं. तिच्यामागे नेड्रानेही तेच केलं. सत्तर वर्षं झाली, आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक बाईच्या एप्रनवर एक पान उंदराचं आहे.

"म्हणजे हा तू शिवलास," मी म्हटलं.

"जानेवारीत," ती म्हणाली आणि रिमोट उपडा ठेवला.

जानेवारीत एक पोरगी आली होती. भर बर्फात, पातळ कोट घालून. दोन जोड हवेत म्हणाली. मंदिराचे कपडे विकायचे तर आधी समोरच्याचा परवाना बघायचा असतो. बिशपच्या सहीचा तो कागद असल्याशिवाय मंदिराच्या दारातून आत घेत नाहीत, मग कपडे कसले मिळतायत! नेड्रा विचारणारच होती. पण तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "माझे खापरपणजोबा हातगाडी ओढत आले होते हो, पायी, मैदानं तुडवत. दोन मुलं वाटेतच पुरली." झालं! नेड्राच्या डोळ्यांना धारा लागल्या. दीडशे वर्षांपूर्वी श्रद्धेपायी असं हातगाडी ओढत इथवर आलेल्यांच्या वंशाला आमच्याकडे कागद विचारत नाहीत. नेड्राने तिला केक खाऊ घातला, मापं घेतली, आणि वर पीचच्या मुरांब्याची बरणी दिली.

"आणि जाताना मला विचारते, प्रखर उजेडात कापड चमकणार नाही ना?" नेड्रा कपाळावर हात मारून म्हणाली. "मी आपली सांगतेय, नाही गं बाळा, मंदिरात उजेड अगदी सौम्य असतो!"

मला हसू आवरेना. नेड्रा मात्र हसली नाही. तिचा स्वतःचा परवाना मार्चअखेरीला संपत होता, आणि एप्रिलच्या पंचवीस तारखेला ब्रिनचं लग्न होतं, मंदिरात. एकुलती एक नात. परवाना नाही तर लग्न बघायचं नाही, मग तुम्ही नवरीची आजी असा नाहीतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. बाहेरच्या भिंतीवर बसायचं आणि फोटोच्या वेळी हसायचं.

तिचा मुलगा वेल्डन तसाच बसणार होता. ब्रिनचा बाप. अठराव्या वर्षी त्याने चर्च सोडलं, तेही मंदिराची पायरी चढण्याआधीच. पुढे लग्न केलं ते भाविक मुलीशी, पोरगी वाढली आईबरोबर चर्चमध्ये, आणि हा गावातल्या, हिवाळ्यात घरं ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या आणि पाण्याचे फवारे दुरुस्त करत, सकाळी अंगणात उघड्यावर कॉफी पीत राहिला. कॉफी आमच्या धर्मात वर्ज्य, त्यामुळे आमच्या गावात ती पिणं म्हणजे भर रस्त्यात विजार सोडण्यासारखं. पण भट्टी बंद पडली की सगळे त्यालाच बोलवायचे.

त्या आठवड्यापासून बोलवेनासे झाले. मालिकेतले कपडे नेड्राच्या घरातून गेले, अशी कुजबुज गावभर झाली. कुणाला कसं कळलं, ते मात्र कुणी सांगेना. ते पान पाहिल्याशिवाय हे कळणं शक्य नव्हतं, आणि पाहिलं तर कुणीच नव्हतं! नेड्रावर संशय घेण्याची कुणाची छाती नव्हती. मग उरला वेल्डन. आईच्या तळघरातून त्यानेच उचलले असणार, असं एकमताने ठरलं.

"माझ्या पाठीमागे बोलतात ते ठीक आहे," वेल्डन आईला म्हणाला. मी तिथेच होते, सुयांची डबी शोधत. "पण परवा ब्रिनच्या होणाऱ्या सासूने मला मिठी मारली आणि म्हणाली, आम्ही तुम्हाला माफ केलंय. कशाबद्दल, आई? मी त्या बाईची भट्टी फुकट दुरुस्त केली, त्याबद्दल?"

नेड्रा शिवणयंत्राचं चाक उगाच फिरवत राहिली.

रविवारी ती परवान्याच्या मुलाखतीला गेली. आमचा बिशप डीलॉय आठवडाभर टर्की पाळतो आणि रविवारी आमचे आत्मे. बिशप म्हणजे कुणी पगारी धर्मगुरू नव्हे, आमच्यातलाच एक, त्यामुळे त्याच्या बुटांना वास येतो आणि आम्ही तो विषय काढत नाही. ठरलेले प्रश्न झाले. श्रद्धा आहे का, आहे. दारू, कॉफी, तंबाखू, नाही. मग आला तो प्रश्न: लोकांशी व्यवहारात तुम्ही प्रामाणिक आहात का? इथे नेड्राने सगळं सांगून टाकलं. पोरगी, हातगाडी, केक, मुरांबा. परतीच्या वाटेवर गाडीत तिने मला शब्द न् शब्द सांगितला.

डीलॉयने पेन खाली ठेवलं. "अहो सिस्टर सोरेन्सन, नुसतं हो म्हणून मोकळ्या झाला असतात तर!"

"मग प्रश्न कशाला विचारता?"

"आता मला विचार करावा लागेल. दोनेक महिने जाऊ द्या. तोवर हे आपल्या दोघांतच राहू दे. बहिष्काराचं पत्र तुम्हीच लिहिलंय, लोकांत शोभा होईल."

"दोन महिने? लग्न पंचवीस तारखेला आहे, बिशप. आणि वेल्डनवर आळ आलाय, त्याचं काय?"

"वेल्डन तसाही मंदिरात येत नाही," डीलॉय म्हणाला. "त्याचं काय जातंय?"

हे सांगताना नेड्राने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. "त्याचं काय जातंय!" ती स्टिअरिंगवर मूठ आपटून म्हणाली. "माझ्या लेकाचं काय जातंय! त्या टर्कीवाल्याच्या घराची भट्टी बंद पडली होती तेव्हा नाताळच्या दिवशी कोण गेलं होतं?" मग ती रडली. तिला रडताना मी नवऱ्याच्या दफनानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्यातून एक रविवार आमचा उपासाचा असतो. त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने पुढे जायचं, माइकसमोर उभं राहायचं आणि 'मला ठाऊक आहे की' अशी सुरुवात करून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. पोटात अन्न नाही, पोरं किरकिरतायत, आणि कुणीतरी हरवलेली किल्ली प्रार्थनेने कशी सापडली ते सांगतंय. त्या उपासाच्या रविवारी किल्ली झाल्यावर नेड्रा उठली. डीलॉय मागे व्यासपीठावर बसला होता. तो खुर्चीतच ताठ झाला.

नेड्राला माइक खाली ओढावा लागला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "की त्या मालिकेतले कपडे माझ्या मुलाने दिले नाहीत. मला ठाऊक आहे, कारण ते मी विकले. परवाना न बघता. तिने हातगाडी सांगितली आणि मी विरघळले. तुम्हीही विरघळला असतात. माझ्याविषयी काय म्हणायचं ते म्हणा, पण वेल्डनचं नाव पुन्हा घेऊ नका. खात्री हवी असेल तर सांगते. त्या नटीच्या एप्रनवर डावीकडे, खालून तिसरं पान कुरतडलेलं आहे."

"उजवीकडे," मागून डीलॉय म्हणाला.

तो एकटाच असता तर निभावलं असतं. पण त्याच क्षणी दंतवैद्याची बायको "उजवीकडे" म्हणाली, तिच्यामागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि लाज वाटते सांगायला, मीही म्हणाले. मग जी शांतता पसरली तशी आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीही नसते. सगळ्यांनी एकदम गीतांचं पुस्तक उघडलं.

"बरोबर, उजवीकडे," नेड्रा म्हणाली. "आभारी आहे, बिशप." आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

चाळीस वर्षं जिने ते पान भरलं, ती बाजू विसरेल? मी नंतर विचारलं तर म्हणते, उपासाने जरा गरगरलं गं. तिची गरगर मला चांगली ठाऊक आहे.

डीलॉयने दुपारीच बोलावून परवान्यावर सही केली. पुन्हा तोच प्रश्न विचारला, व्यवहारात प्रामाणिक आहात का? नेड्रा म्हणाली, "प्रयत्न चालू आहे. तुमचा?" त्याने घाईघाईने कागद तिच्या हातात दिला. सोमवारी वेल्डनला भट्टीसाठी चार फोन आले. एप्रिलच्या उन्हात कुणाची भट्टी बंद पडली होती देव जाणे. क्षमेचा शब्द मात्र कुणाच्याही तोंडून निघाला नाही. बहिष्काराचं पत्र तेवढं गुपचूप विरून गेलं.

पंचवीस तारखेला ब्रिनचं लग्न झालं. मी आणि नेड्रा आत होतो. तिथलं मी सांगणार नाही, सांगितलंच आहे तसं. बाहेर आलो तेव्हा वेल्डन टेकडीच्या उतारावर, दगडी भिंतीवर बसला होता. नवा सूट, हातात ब्रिनचा कोट. ब्रिन अजून आतच होती. नेड्रा जाऊन त्याच्याशेजारी बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"चांगलं झालं."

"रडली?"

"रडली."

"बाकी सांगता येणार नाही ना तुला?"

"नाही रे राजा."

वेल्डनने कोटाची घडी नीट केली. "मीही पाहिला तो भाग," तो म्हणाला. "रविवारीच. निषेधबिषेध काही नाही. माझी पोर आत जाऊन काय करणार ते मला बघायचं होतं, आणि मला दुसरीकडे कुठे दिसणार होतं?"

नेड्राने त्याचा हात धरला. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला तोंड लपवायचं होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आई, एवढं एक सांग. तिच्या एप्रनवर ते पान होतं?"

नेड्राने मंदिराच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"होतं," ती म्हणाली. "उजवीकडे."