दारावरचे दोन ठोके

कीमेम्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे. कोण गातंय, काय गातंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ढोल कुठे उभा आहे आणि गाणारा त्याच्या पुढे आहे की मागे, एवढंच तो ऐकतो. नैरोबीत, किरिन्यागा रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या टपऱ्या शेजारीशेजारी आहेत. मी मटाटूच्या सीटा शिवते, तो मटाटूत स्पीकर बसवतो. मला शांतता आवडते आणि मी इथे येऊन बसले, यालाच नशीब म्हणायचं.

मटाटू म्हणजे नुसती माणसं नेणारी बस, असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. कॉलेजची पोरं रिकाम्या गाड्या सोडून देतात आणि ज्या गाडीचा आवाज छातीत बसतो तिच्यासाठी उन्हात उभी राहतात. गाडी जुनी असली, ब्रेक कुरकुरत असले तरी चालतं. आवाज पडला की मालक पडला.

कीमेम्या या धंद्यात आला तेव्हा स्पीकरला कागदाचे पडदे असायचे. पावसाळ्यात ते ओले होऊन लोंबायचे. मग गाणारा पडसं झाल्यासारखा गायचा. कीमेम्या पिठाच्या पिशवीचा जाड कागद कापून, खळ लावून ते पडदे जोडायचा आणि माझ्याच कात्रीने कापायचा, म्हणून आमची पहिली ओळख भांडणातून झाली. पुढे मोठाले खोके आले. सीटखाली ठेवले की अख्खी गाडी थरथरायची. गाणं समजायचं नाही, नुसतं धुम्म धुम्म. माझे शिवलेले टाके महिन्याभरात उसवायचे आणि शिव्या मला बसायच्या.

मग हे नवे आले. पडदे हलके, पण ताठ. लोहचुंबक मुठीएवढं, पण ओढ अशी की माझ्या सुया टेबलावरून चालत जायच्या. सोबत एक चपटी पेटी. ती जाडा आवाज एका स्पीकरला देते, बारीक दुसऱ्याला, आणि मागच्या सीटवर आवाज उशिरा पोचत असेल तर पुढचा आवाज डोळ्याची पापणी लवण्याइतका थांबवून धरते. कीमेम्या फोनवर बोट फिरवून हे सगळं जुळवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मला म्हणाला, "गाचेरी, इतकी वर्षं मी लोकांना भिंतीपलीकडचं ऐकवत होतो गं."

त्याला एकच मुलगी, न्यागुथी. आई लवकर गेली. पोर माझ्या चिंध्यांत आणि बापाच्या तारांत वाढली. दिसायला बारकी, पण जीभ अशी की पोलिससुद्धा तिच्याशी हुज्जत घालताना दोनदा विचार करायचे. ती कंडक्टर झाली. कीमेम्याला ते रुचलं नव्हतं, दारात लोंबकळायचं काम पोरीचं नव्हे म्हणाला. ती म्हणाली, तुम्ही बसवलेल्या आवाजातच उभी राहणार आहे, घरातच आहे समजा.

तिच्या गाडीचं नाव न्गुरूमो, म्हणजे गडगडाट. मालक गिताऊने नवे स्पीकर बसवायचं ठरवलं तेव्हा ते काम कीमेम्याने दुसऱ्या कुणाला मिळूच दिलं नसतं. लेकीची गाडी. आठवडाभर तो त्या गाडीत राहिला. जेवणसुद्धा मी आत नेऊन देत होते, आणि मका-घेवड्याच्या गिथेरीचा डबा तसाच परत येत होता. खांबाखांबात, छतात, दाराच्या चौकटीत त्याने छोटे स्पीकर बसवले. काम झाल्यावर मला ड्रायव्हरच्या जागी बसवून डोळे मिटायला लावले आणि त्या दिवसांत गल्लोगल्ली वाजणारं एक गाणं लावलं. वस्तीतल्या पोरांनी केलेलं. पोरांपाशी ढोल कुठला, त्यांनी मटाटूच्या पत्र्यावरच थापा मारून ताल धरला होता. फोनवर ते गाणं मी शंभरदा ऐकलं असेल. तिथे नुसतं टकटक व्हायचं. इथे माझ्या डावीकडे, दारात, कुणीतरी तळहाताने पत्रा वाजवला. दोनदा. मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

कीमेम्या लहान मुलासारखा हसत होता. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मटाटूत एवढा गोंगाट असतो की कंडक्टरचा आवाज ड्रायव्हरला ऐकू येत नाही. म्हणून कंडक्टर दाराच्या पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. ड्रायव्हर आरशात बघत नाही, मागे वळत नाही. थापेवर चालतो. रांगतं पोरसुद्धा इथे हे जाणतं.

न्गुरूमो रस्त्यावर आली आणि तिचं नाव झालं. पोरं तिच्यासाठी थांबू लागली. कीमेम्या मुद्दाम तिच्यातून फिरून यायचा आणि माझ्यापुढे बढाया मारायचा. मग एका दुपारी बाजाराच्या थांब्यावर भाजीची गोणी घेऊन एक म्हातारी उतरत होती. तिचा एक पाय खाली होता, एक पायरीवर. गाडी निघाली. म्हातारी कडेच्या दगडावर पडली आणि दवाखान्यात गेली ती गेलीच.

ड्रायव्हर बरासा आणि न्यागुथी, दोघांनाही धरलं. कीमेम्या आणि मी चौकीवर धावलो. न्यागुथी एकच सांगत होती, मी थाप मारलीच नाही, माझे दोन्ही हात गोणीला होते, मी ती म्हातारीच्या डोक्यावर ठेवत होते. बरासा सरळ माणूस. पोरीचं वाईट त्याने कधी चिंतलं नव्हतं. तो बाकावर बसून ढसाढसा रडत होता आणि म्हणत होता की दोन थापा ऐकल्याशिवाय मी पाय हलवला नसता. पुढे बसलेल्या प्रवाशांनीही तेच सांगितलं. दोन थापा, स्वच्छ, दारातून. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

कीमेम्या बरासापुढे उकिडवा बसला. "बाबा रे, तेव्हा गाणं कुठलं चाललं होतं?"

बरासाने आठवून सांगितलं. ते पोरांचंच गाणं.

मी कीमेम्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. असा चेहरा मी पुन्हा बघू नये. तो पोलिसांना सांगायला लागला, थाप पोरीने नाही मारली, गाण्यातली होती, मी तिथे स्पीकर बसवलाय. पोलिसांनी ऐकून घेतलं. एकाने त्याला चहा दिला. बाप आहे, लेकीसाठी काहीही बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. मलाही परक्या बापाबद्दल तसंच वाटलं असतं.

न्गुरूमोत पोलिस साहेबाला बसवावं, गाणं लावावं, म्हणजे आपोआप पटेल, असं कीमेम्याने ठरवलं. तो गाडीपाशी गेला तर आत एकही स्पीकर नव्हता. एवढा आवाज लावणं हाच मुळात गुन्हा. दंड वाढेल या भीतीने गिताऊने गाडी पोलिसांच्या ताब्यात द्यायच्या आधीच सगळं उपटून विकलं होतं. दाराच्या चौकटीत नुसतं भोक आणि लोंबणारी तार. कीमेम्याने गिताऊचे पाय धरले, कुणाला विकलंस एवढं सांग. गिताऊ म्हणाला, स्पीकर? कसले स्पीकर? माझ्या गाडीत साधा रेडिओ होता.

मग न्यागुथीच्या वकिलाला गाणं ऐकवलं. तो भला बिचारा, कान देऊन बसला. पण ऐकवलं फोनवर. टक टक. वकिलाने कीमेम्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, यात थाप कुठे आहे?

दुसऱ्या मालकांकडेही तो गेला. तासाभरासाठी गाडी द्या, मी बसवून दाखवतो, साहेबांना आणतो. आपल्या गाडीत साहेब कोण बोलावून घेणार? त्यात अपघातानंतर पोलिसांनी मोठ्या आवाजाच्या गाड्या धरायला सुरुवात केली होती. काल त्याच्या मागे लागणारे मालक आता गल्लीत त्याला पाहून रस्ता ओलांडू लागले.

शेवटी कुठून तरी तसलेच दोन स्पीकर पैदा करून त्याने आपल्या टपरीतच मांडले. एका भंगार मटाटूचं दार आणून भिंतीला टेकवलं. मला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले. मी मनापासून ऐकलं. मला ती थाप ऐकायची होती, देवाशप्पथ ऐकायची होती. पण टपरी म्हणजे गाडी नव्हे. आवाज पत्र्याच्या छतावर आदळून विखुरला. ढोल वाजल्यासारखं वाटलं, चांगला ढोल, पण ढोलच.

"दारात कुणी होतं?" त्याने विचारलं.

मी डोळे उघडले नाहीत. नाही म्हणाले. बराच वेळ तो तारा गुंडाळत राहिला, आणि मी आपल्या टपरीत जाऊन मशीन सुरू केलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

तुरुंगात भेटीला आम्ही दोघं जायचो. पहिल्या भेटींत न्यागुथी चवताळलेली असायची. मग हळूहळू शांत झाली, ते मला त्या चवताळण्यापेक्षा वाईट वाटलं. रोज तिला कुणी ना कुणी विचारत होतं, नीट आठव, एवढ्या माणसांनी ऐकलं ते खोटं कसं? वकिलानेही समजावलं होतं की कबूल केलंस तर शिक्षा हलकी होईल. एके दिवशी ती जाळीमागून बापाला म्हणाली, "बाबा, एक हात मोकळा असेल माझा. सवयीने गेला असेल पत्र्यावर."

"नव्हता मोकळा," कीमेम्या म्हणाला. "तू नाही मारलीस. तो स्पीकर मी लावलाय तिथे."

"तुम्ही तिथे नव्हतात, बाबा."

"नव्हतो. पण मला ठाऊक आहे."

"मला आता रात्री स्वप्नात दिसतं. माझाच हात असतो." ती आपल्या तळहाताकडे बघत होती. "आणि मीच मारली असेल तर त्या म्हातारीच्या माणसांना निदान मला तसं सांगता तरी येईल. तुमचं ते स्पीकरचं त्यांना मी कसं सांगू?"

येताना रस्ताभर मी गिताऊला, वकिलाला, पोलिसांना, त्या गाणं करणाऱ्या पोरांना, सगळ्यांना शिव्या घालत चालले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर तरी कुठे होता? कीमेम्याला मात्र मी एक शब्दही बोलले नाही. त्याने काम चांगलं केलं होतं, एवढाच त्याचा दोष.

कोर्टात म्हातारीचा मुलगा पुढच्या बाकावर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. न्यागुथीने गुन्हा कबूल केला. न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, आवाज मऊ. त्यांना बहुतेक आमची रीत नीट माहीत नव्हती, किंवा लिहून घ्यायची असेल. त्यांनी विचारलं, इशारा दिलास म्हणजे नेमकं काय केलंस?

न्यागुथीने हात उचलला आणि पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर दोनदा थाप मारली.

बाईंनी साक्षीला आलेल्या बरासाकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलात तो हाच आवाज?"

"हाच," बरासा खाली मान घालून म्हणाला. त्याला त्यात समाधान नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं.

कीमेम्या उभा राहिला. शिपायाने हाताने खूण केली, बसा. तो उभाच होता. शिपाई जवळ येऊन हळू म्हणाला, बसा बाबा, लेकीचं आणखी बिघडेल. तेव्हा तो बसला. बाई काहीतरी वाचून दाखवत होत्या, न्यागुथी मान हलवत होती, म्हातारीचा मुलगा तिच्याकडे बघत होता आणि पहिल्यांदाच त्याच्या नजरेत राग नव्हता.

"हा आवाज नव्हता," कीमेम्या माझ्या कानाशी म्हणाला. "हे लाकूड आहे, गाचेरी. तो पत्र्याचा होता."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने माझा हात घट्ट धरला, कारण तिला आत न्यायला बायका पोलिस आल्या होत्या.